नोकरी सोडण्याआधी घरात बोलायच्या गोष्टी

"मॅडम, आमच्या घरात आजवर कुणी धंदा केलेला नाही. मला जमेल का?"

नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणारे बहुतेक जण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाच-सात वर्षं काढलेले असतात. हातात कसब असतं, डोक्यात कल्पना असते आणि रात्रीची झोप उडालेली असते. अशाच एका तरुणाबद्दल त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय एकोणतीस, मेकॅनिकलचा डिप्लोमा, अंबडच्या एका कारखान्यात टूल रूमला. छोट्या वर्कशॉपमधले कार्बाइडचे एंडमिल आणि ड्रिल, म्हणजे मशीनवर धातू कापायची आणि भोकं पाडायची टूल्स, बोथट झाले की बरेचसे भंगारात जातात, हे त्याने पाहिलं होतं. त्यांना नीट धार लावली तर ते पुन्हा चालतात आणि नव्याच्या मानाने खर्चही बराच कमी येतो. त्याला हेच काम सुरू करायचं होतं. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. मुलाने राजीनाम्याचा विषय काढला तेव्हापासून बापलेकांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. मधल्या मध्ये बायकोची कुचंबणा. माझ्याकडे त्याला तीच घेऊन आली.

त्याच्या हातात एजंटकडून करून घेतलेला १९ लाखांचा प्रोजेक्ट रिपोर्ट होता. पाच वर्षांचा नफा अगदी रुपयात मांडलेला. मी विचारलं, "यातलं पहिलं गिऱ्हाईक कोण?" त्याला एकही नाव सांगता आलं नाही. मला ते काळजीचं वाटलं नाही. कारण नाव शोधता येतं. काळजी वाटली ती त्याच्या पुढच्या वाक्याची: "माझ्या रक्तातच नाही बहुतेक."

ही समजूत मोडायला मी त्याला काकीनाडाची हकिकत सांगितली. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या त्या गावच्या छोट्या व्यावसायिकांसाठी हैदराबादला दहा दिवसांचं प्रशिक्षण आखलं. ध्येय कसं ठरवायचं, जोखीम कशी जोखायची, आपल्या कामाचा निकाल आपणच कसा तपासायचा, एवढंच त्यात होतं. पुढच्या काळात या मंडळींनी प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा जास्त नवे उद्योग काढले, जास्त माणसं कामाला लावली. मॅक्लेलंड यांचाच खुंटीवर कड्या टाकायचा प्रयोगही मला फार आवडतो. काही जण अगदी जवळून कडी टाकतात, काही जण उगाच लांबून. यशाची खरी ओढ असणारे मधलं अंतर निवडतात, जिथून कडी पडेलही आणि चुकेलही. मी त्याला म्हटलं, नोकरीला चिकटून नुसती स्वप्नं बघणं म्हणजे खुंटीला खेटून उभं राहणं, आणि १९ लाख उचलून उद्या राजीनामा देणं म्हणजे मैदानाच्या पलीकडून कडी फेकणं. मधली जागा शोधू या.

पण त्याआधी वडिलांना भेटणं गरजेचं होतं. ते आले, ताठ बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मी विचारलं, "काका, धंदा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?" तेव्हा बांध फुटला. धाकट्या भावाच्या हॉटेलसाठी ते जामीन राहिले होते. हॉटेल बसलं आणि कित्येक वर्षं हप्ते त्यांच्या पगारातून गेले. मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. लहानपणी सायकल का मिळाली नाही, ते त्याला त्या दिवशी कळलं. वडिलांचा विरोध धंद्याला नव्हता, जामिनकीला होता. अशा घरांत समुपदेशनाचं निम्मं काम इथेच होतं, असं माझं ठाम मत आहे. घरात आधी कुणाचं काय बुडालं हे मोकळेपणी बोललं गेलं नाही, तर नव्या धंद्याची चर्चा जुन्याच भीतीत अडकून राहते.

पुढच्या बैठकीला तिघं एकत्र बसले. नफ्याचा कागद बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न घेतला: किती पैसे बुडाले तरी घराचा गाडा चालू राहील? उद्योजकतेच्या अभ्यासक सारस सरस्वती यांनी २००१ मध्ये मांडलेला हा विचार आहे. अनुभवी उद्योजक 'किती मिळेल' यापेक्षा 'किती गमावणं परवडेल' इथून सुरुवात करतात, असं त्यांना दिसलं. या घराने घरहप्ता, मुलीची शाळा, आईची औषधं लिहून काढली, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवला आणि आकडा आला दीड लाख. सोनं मोडायचं नाही, घर तारण ठेवायचं नाही, हेही त्याच कागदावर आलं.

मग काम लहान केलं. मशीन घ्यायचंच नाही. सातपूरला ज्याच्याकडे टूल ग्राइंडर आहे त्याच्याकडून धार लावून घ्यायची आणि गिऱ्हाईक आपण शोधायचं. नेमणूकपत्रात बाहेरचं काम करायला मनाई होती, म्हणून आधी मालकांशी बोलून लेखी परवानगी घेतली. सेकंड शिफ्ट असली की सकाळी तो वर्कशॉप पालथी घालायचा.

खरं शिक्षण तिथे झालं. त्याला वाटत होतं, लोक दर बघतील. लोकांनी विचारलं, "टूल परत कधी मिळणार?" मशीन थांबून राहणं त्यांना धारेच्या दरापेक्षा महाग पडत होतं. तेव्हा नेण्या-आणण्याची आणि दुसऱ्या दिवशी परत देण्याची हमी हाच त्याचा खरा माल ठरला. दुसरा धडा उधारीचा. "बिल ठेवून जा, बघू" हे ऐकून तो खचला होता. त्याला २००६ च्या सूक्ष्म, लघू उद्योगांच्या कायद्याची माहिती दिली: लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी हवी, ती ऑनलाइन आणि मोफत होते. एजंट तिचेही पैसे मागत होता. अर्थात छोट्या वर्कशॉपवाल्याशी कायदा बोलून गिऱ्हाईक टिकत नाही. म्हणून नव्याकडून निम्मे आगाऊ घ्यायचे, असं त्याने ठरवलं.

कर्जाबाबत एवढंच सांगते. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून अर्ज करणार असाल, तर मशीन घेण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन नियम समजून घ्या, कारण या योजना नव्या उद्योगासाठी आहेत. पंतप्रधान योजनेचं अनुदान रोख हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेवीच्या रूपात अडकून राहतं. हप्ता मात्र कामाच्या कमाईतूनच फेडायचा असतो.

तो अजून नोकरीत आहे. काही वर्कशॉप नियमित टूल देतात, एकाने दर जास्त म्हणून सोडलं. वडील जामीन राहणार नाहीत, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे, पण उधारीची वही तेच लिहितात आणि थकलेल्यांना फोनही तेच करतात. दिवाळीपर्यंत सलग चार महिने खर्च वजा जाता पगाराच्या निम्मी रक्कम सुटली, तर साध्या ग्राइंडरपुरता कर्जाचा अर्ज करायचा आणि राजीनाम्याचं त्यानंतर बघायचं, असं घरात ठरलं आहे. नाही सुटली, तर दीड लाखातले उरलेले पैसे परत बँकेत जातील.