जुन्या डेस्कटॉपमध्ये वायफाय नाहीये, यूएसबी अडॅप्टर लावून चालेल का?

हो चालेल की, कॅबिनेट उघडायची पण गरज नाही. फक्त घ्यायच्या आधी बॉक्सवर तुमच्या विंडोजचं व्हर्जन लिहिलंय का ते नक्की बघा, कारण जुन्या मशीनवर खरी अडचण ड्रायव्हरचीच (म्हणजे अडॅप्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) येते आणि नेटच नसताना तो डाउनलोड कुठून करणार, म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा. पोर्ट यूएसबी २.० असेल तर ४८० एमबीपीएसच्या वर स्पीड जाणारच नाही, उगाच महागडं मॉडेल नको. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारं, मात्र घ्याच, राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा, मध्ये भिंती असतील तर २.४. आणि अडॅप्टर कॅबिनेटच्या मागे खुपसू नका हो, छोटी एक्स्टेंशन केबल लावून टेबलावर ठेवा, रेंज चांगली मिळते.