तत्त्वज्ञानाच्या परिषदेला जावे का?

प्रश्न : मी तत्त्वज्ञानात पीएच.डी. करत असून जिल्ह्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. महाराष्ट्र तत्त्वज्ञान परिषदेच्या अधिवेशनात जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या नीतिविचारावर निबंध वाचण्याची इच्छा आहे. परंतु मराठी निबंधाला नेमणुकीच्या वेळी कोणी विचारत नाही आणि खर्च मात्र पदरचा होतो, असे सहकारी सांगतात. जावे का?

उत्तर : अवश्य जावे. नेमणुकीबाबत सहकाऱ्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, त्यामुळे त्या आशेने जाऊ नये. आपली खरी अडचण वेगळी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तत्त्वज्ञानाचा विभाग म्हणजे बहुधा एकटा प्राध्यापक असतो, आणि मार्गदर्शकांना आपला विषय इतका परिचयाचा झालेला असतो की युक्तिवादात राहिलेली फट ते नकळत स्वतःच बुजवून घेतात. अधिवेशनात मात्र समोर वेदान्त, तर्कशास्त्र, मीमांसा (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्र) शिकवणारे लोक बसतात. फलाची अपेक्षा न ठेवता केवळ कर्तव्य म्हणून केलेल्या कर्मालाच नैतिक मोल आहे, असे कांटचे मत आपण मांडताच एखादे मीमांसेचे अभ्यासक उठून त्या शास्त्राचे प्राचीन आचार्य कुमारिल यांचे वचन पुढे करतील, की प्रयोजनावाचून मंदबुद्धी मनुष्यसुद्धा प्रवृत्त होत नाही. मग आपला कर्ता प्रवृत्त होतो तो कशाने? कांटला नैतिक नियमाविषयीचा आदर हेच प्रेरक वाटते, एवढे सांगून तेथे भागत नाही. तो आदर हेही एक प्रयोजनच का नव्हे, हे सिद्ध करावे लागते. प्रबंधातील एक प्रकरण या एका प्रश्नाने उभे राहू शकते.

अशा भेटींचे मोल आपल्याकडे पूर्वीच ओळखले गेले आहे. १९८३ साली पुण्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मे. पुं. रेगे, दया कृष्ण आदींनी पाश्चात्त्य पद्धतीत वाढलेले तत्त्वज्ञ आणि परंपरेने शिकलेले पंडित यांना समोरासमोर बसवले. विधान म्हणजे काय याविषयीच्या ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलच्या मतावर नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, आपल्या शास्त्राच्या अंगाने चर्चा केली, आणि त्या संवादाचे पुढे पुस्तक झाले.

एका सत्रात निबंधांची रांग लावून शेवटी प्रमाणपत्रे वाटणाऱ्या चर्चासत्रांना मात्र माझ्या मते जाऊ नये. तेथे ना वाचणाऱ्याचे भले होते, ना ऐकणाऱ्याचे. आपण निबंध इतका आटोपशीर ठेवा की निम्मा वेळ चर्चेला उरेल, आक्षेप तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि त्यांची उत्तरे घालून सुधारलेला निबंध ‘परामर्श’सारख्या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकाकडे पाठवा.