यूजर ग्रुपच्या बैठकीला एकट्या ॲडमिनने जावं का?

यूजर ग्रुपच्या, म्हणजे ऑफिसची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लोकांच्या, बैठकीला जावं का, असं तुम्ही विचारलंय. जा. भाषणांचं रेकॉर्डिंग नंतर मिळणारच आहे, मग संध्याकाळ कशाला घालवायची, हा तुमचा मुद्दा भाषणांपुरता बरोबर आहे. नव्या फीचरची माहिती मायक्रोसॉफ्टच्या मेसेज सेंटरमध्ये (ॲडमिनसाठीचा सूचनाफलक) येते, डॉक्युमेंटेशनमध्ये असते, आणि निम्मे वक्ते तीच स्लाइडवर चिकटवतात. ते फीचर चालू केल्यावर कुणाच्या ऑफिसात काय बिघडलं हे मात्र तिथे नसतं. ते मधल्या सुट्टीत कळतं, आणि सुट्टीचं रेकॉर्डिंग कुणी करत नाही.

तुम्ही म्हणता की टीम्स (मीटिंग आणि चॅट) आणि शेअरपॉइंट (सामायिक फाइल आणि साइट) तुम्ही एकट्यानेच सांभाळता, शेजारी विचारायला कुणी नाही. मग तर तुम्हाला याची जास्तच गरज आहे. एक उदाहरण देतो. टीम्समधल्या मीटिंगचं रेकॉर्डिंग डिफॉल्टने १२० दिवसांनी कालबाह्य होतं. ॲडमिन पॉलिसीत मुदत वाढवतो आणि निश्चिंत होतो. पण नवी मुदत फक्त त्यानंतरच्या रेकॉर्डिंगना लागते. आधीची जुन्याच तारखेला जातात. त्यात भर म्हणजे साध्या मीटिंगचं रेकॉर्डिंग आयोजकाच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाइलसाठ्यात, राहतं. आयोजकाने नोकरी सोडली आणि त्याचं खातं डिलीट झालं, की ते वनड्राइव्ह डिफॉल्टने ३० दिवसच राखलं जातं. म्हणजे नव्या लोकांना दाखवायचं ट्रेनिंगचं रेकॉर्डिंग कुणीही हात न लावता गेलं. हे सगळे नियम आपापल्या पानावर व्यवस्थित लिहिलेले आहेत. ते एकत्र आले की काय होतं, हे ज्याच्याकडे झालं तोच सांगतो. उपायही तोच सांगतो: अशा मीटिंगा टीमच्या चॅनेलमध्ये, म्हणजे तिच्या सामायिक जागेत, घ्या, म्हणजे रेकॉर्डिंग टीमच्या शेअरपॉइंटमध्ये जातं. मुदत तिथेही असते, पण निदान माणसाबरोबर फाइल जात नाही.

तुम्ही लिहिलंय की अनोळखी लोकांत काय बोलावं सुचत नाही. बोलू नका, विचारा. फक्त प्रश्न घरून तयार करून न्या. ‘गेस्ट युजर कसे हाताळता?’ असं विचारलंत तर ‘पॉलिसी करा’ एवढंच उत्तर मिळेल, आणि समोरचा पुढे निघून जाईल. त्याऐवजी असं विचारून बघा: ‘आमच्याकडे टीमचा ओनर बाहेरच्या माणसाला स्वतः बोलावू शकतो. प्रोजेक्ट संपतो, गेस्ट राहतो. ॲक्सेस रिव्ह्यूसाठी (कुणाला प्रवेश आहे याच्या ठरावीक तपासणीसाठी) लागतं त्या वरच्या लायसन्सला पैसे मंजूर होत नाहीत. तुम्ही ओनरकडून यादी कशी तपासून घेता, आणि त्याने मेलला उत्तरच दिलं नाही तर काय करता?’ खरी मेख शेवटच्या प्रश्नात आहे. यादी काढणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) कुणीही देतं. उत्तर न देणाऱ्या ओनरचं काय करायचं, त्यासाठी कुणाची सही घेतली, हे ज्याने निभावलंय त्याच्याकडूनच शिकावं लागतं.

सध्या अशा बैठकीत कोपायलटचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय सहाय्यकाचा, विषय निघाल्याशिवाय राहत नाही. चमकदार डेमो सोडून द्या. वापरणाऱ्याला जे पाहायची परवानगी आहे तेच कोपायलट दाखवतो. दुखणं असं, की ‘बाहेरचे सोडून सगळे’ या गटाला कधीकाळी उघडी केलेली साइट वर्षानुवर्षं कुणी पाहिलेली नसते, आणि आता एका प्रश्नासरशी त्यातला पगाराचा तक्ता वर येतो. ज्यांनी हे साफ केलंय त्यांना विचारा की सुरुवात कुठल्या साइटपासून केली आणि कुठल्या विभागाने जास्त आरडाओरडा केला.

ग्रुप मिश्र असेल, तर स्लॅक (चॅट) आणि कॉन्फ्लुएन्स (ऑफिसच्या माहितीची पानं) वापरणाऱ्यांशीही बोला. कॉन्फ्लुएन्स बनवणाऱ्या अटलासियनच्या सर्व्हर आवृत्तीचा (ऑफिसच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी) सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला. त्या निमित्ताने क्लाउडवर गेलेल्यांकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. एकाच इमेलवर दोन खाती निघाली तेव्हा काय केलं, जे मॅक्रो (पानात बसवलेले छोटे प्रोग्रॅम) क्लाउडवर चालतच नाहीत त्या पानांचं काय झालं, वगैरे. उद्या तुम्हाला कुठूनही कुठेही स्थलांतर करायचं झालं, तरी हीच दुखणी थोड्याफार फरकाने येतात.

काय सांगायचं नाही, तेही ठरवून जा. टेनंटचं (मायक्रोसॉफ्टकडच्या तुमच्या संस्थेच्या खात्याचं) नाव, लोकांची नावं, कुणाला एमएफएमधून (लॉगिनची जादा पडताळणी) सूट दिली आहे, सगळे अधिकार असलेले ग्लोबल ॲडमिन कोण कोण आहेत, यातलं काही नको. मोबाइलवर ॲडमिन सेंटर उघडून ‘हे बघा’ करणारे भेटतात. तुम्ही करू नका. स्क्रीन दाखवायचीच असेल तर चाचणीचा टेनंट ठेवा. सामान्य पद्धतींवर मात्र मोकळेपणाने बोला. नेहमीचं लॉगिन अडलं तर वापरायची आपत्कालीन खाती किमान दोन हवीत असं सगळेच म्हणतात. त्या खात्यांतून शेवटचं लॉगिन कधी करून पाहिलं, असं सहज विचारून बघा. बऱ्याच जणांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

‘हा सगळा विक्रीचा प्रकार आहे’ ही तुमच्या साहेबांची शंका अगदीच चुकीची नाही. हॉलचा खर्च प्रायोजक करतो, त्याबदल्यात त्याला बोलायला वेळ मिळतो. त्यात गैर काही नाही. नोंदणीला वेगळा इमेल पत्ता द्या आणि प्रायोजकाची चिकाटी सहन करा. पण ज्या ग्रुपमध्ये प्रत्येक भाषण एखाद्या प्रॉडक्टच्या किमतीवर येऊन थांबतं, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

साहेबांकडून वेळ मागताना ‘ओळखी वाढतात’ असलं काही सांगू नका, ते कुणालाच पटत नाही. न्यायचा प्रश्न आधी त्यांना लिहून द्या, आणि दुसऱ्या दिवशी तीन ओळींचा मेल टाका: काय कळलं, आपल्याकडे कुठलं सेटिंग तपासायचं, त्यासाठी कुणाची मंजुरी लागेल. पुढच्या वेळी ते स्वतःच विचारतील.

आयोजकांनी तुम्हाला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय, त्याबद्दल: पहिल्या बैठकीत नको, दुसऱ्या बैठकीला हो म्हणा. एकच अडचण घ्या, काय काय करून पाहिलं ते सांगा आणि जे अजून सुटलेलं नाही तेही सांगा. त्या न सुटलेल्या भागावरच नंतर लोक तुम्हाला गाठतात.

आणि तिथून आणलेली कुठलीही स्क्रिप्ट आधी ओळ न ओळ वाचा, मग चाचणीच्या टेनंटमध्ये चालवा. ज्याने दिली त्याच्याकडे ती चालली असेल, पण त्याची नावं ठेवायची पद्धत वेगळी असते, आणि ‘जुन्या टीम डिलीट करा’ म्हणताना त्याला ‘जुनी’ म्हणजे काय अभिप्रेत आहे हे तुम्ही विचारलेलं नसतं.