दिवाळीनंतर रिकाम्या वाफ्यात ताग पेरू की पालेभाजी?

पावसाळी भाज्या काढल्यावर तुमचे तीन वाफे मोकळे पडलेत, माती घट्ट झालीय आणि ती सुधारायला आता ताग (वाढवून हिरवा असतानाच मातीत गाडायचं खताचं पीक) पेरावा की पालेभाज्या लावाव्यात, असा तुमचा प्रश्न आहे. ताग आत्ता पेरू नका. मी पुण्याजवळ घरामागच्या वाफ्यात एकदा नोव्हेंबरात पेरला होता. जूनमध्ये पेरलेला ताग दीड महिन्यात डोक्याच्या वर जातो, तो गुडघ्याएवढा होऊन फुलावर आला. दिवस लहान झाले की ताग वाढ सोडून फुलायला लागतो, त्यामुळे गाडायला पालाच मिळत नाही.

त्याऐवजी निदान एका वाफ्यात हरभरा पेरा. भाजीही मिळते आणि माती सुधारायचं कामही होतं. किराणा दुकानातले साध्या तपकिरी सालीचे हरभरे चालतात. शेतीच्या दुकानातलं रंग लावलेलं बियाणं घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि आपण तर महिन्याभरात पाला खाणार. हरभरे रात्रभर न भिजवता चार-पाच तासच भिजवा, दोन ओळींत वीतभर अंतर ठेवा. पाणी बेतानं. रोज पाईप धरलात तर रोपं पिवळी पडून मरतात, हे मी सोसलंय.

तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडा. खुडल्यावर फांद्या फुटतात, पाला वाढतो. सकाळी पानांवर आंब, म्हणजे आंबट ओलावा, असते, तिच्यामुळेच या भाजीला तो आंबटपणा येतो, म्हणून पाला धुताना फार चोळू नये. माझी आई मराठवाड्यातली. ती कोवळा पाला चिरून त्यात कांदा, दाण्याचा कूट, तिखट-मीठ आणि कच्चं तेल घालून घोळाणा करते. उरलेला पाला सावलीत वाळवून ठेवते, तो उन्हाळ्यात आमटीसारख्या पातळ भाजीला येतो. पण दोनदाच खुडा, नाहीतर मातीला काय उरणार?

आता अवघड भाग. पहिली फुलं दिसली की, म्हणजे साधारण दीड महिन्यानं, हरभरा कापायचा. घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, धरू दिले तर झाडातलं नत्र दाण्यात जातं आणि मातीला वाळका काड उरतो. मला हुळा (भाजलेले ओले हरभरे) फार आवडतो, म्हणून कडेची एक ओळ घाट्यांसाठी ठेवते आणि बाकीचा निष्ठुरपणे कापते. उपटू मात्र नका, जमिनीलगत विळ्यानं कापा. एखादं झाड हलक्या हातानं खणून पाहा: मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी असेल तर ती हवेतलं नत्र बांधतेय. गाठी नसतील किंवा आत पांढऱ्या असतील, तर पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियम (या गाठी तयार करणारे जिवाणू) चोळा.

कापलेला पाला तिथेच बारीक करून वरच्या चार बोटं मातीत मिसळा, थोडं पाणी द्या आणि तीन आठवडे थांबा. एके वर्षी मी घाईनं लगेच वांग्याची रोपं लावली, ती पिवळी पडून खुरटली. पाला कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतलं नत्र स्वतःच वापरतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलंत, तर जानेवारीअखेर भेंडी-गवारीला वाफा तयार होतो.

दुसऱ्या दोन वाफ्यांत मेथी, शेपू, चाकवत, पालक काहीही लावा. मेथीही हरभऱ्यासारखी शेंगवर्गातलीच आहे, पण आपण ती मुळासकट उपटतो, म्हणून मातीला फारसं काही मिळत नाही. मुळं ठेवून कापलीत तर थोडा फायदा. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि आठ-दहा दिवस धीर धरा. चाकवताचं बी अगदी बारीक असतं, खोल पुरलं तर येत नाही. ते वाळूत मिसळून वरच्यावर टाका. भोगीच्या भाजीला नक्की हाताशी येईल.

आणि ताग? त्याचं बी जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की टाका.