कोविड झालाय, तान्ह्याला अंगावर पाजू का?

अगं, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. बाळ तीन आठवड्यांचं, तुझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि घरचे म्हणतायत, पावडरचं दूध सुरू कर. मी यातून गेलेय. मी डॉक्टर नाही, तुझ्या डॉक्टरांना विचारच. पण दूध तोडू नकोस. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून हेच सांगतेय. संसर्ग पसरतो तो श्वासातून, खोकल्यातून. दुधातून बाळाला मिळतात त्या अँटिबॉडीज, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं. पाजताना तू मास्क लावणं आणि आधी हात धुणं तुला माहीत असेलच.

माझ्या वेळी बाळाला लगेच दुसऱ्या खोलीत नेलं. साथीच्या सुरुवातीला कुठे कुठे तसा नियम होता, ते एक वेळ समजू शकते. पण ‘दूध काढत राहा’ एवढं वाक्य त्या वॉर्डात कुणी उच्चारलं नाही. पंप मागितला तर ‘ते नंतर बघू’. छाती दगडासारखी कडक, काखेपर्यंत गाठी, गाऊन भिजलेला, आणि पलीकडे बाळ बाटलीनं वरचं दूध पितंय. दूध साचून राहिलं की शरीर ते बनवणंच कमी करतं, हे प्रसूती विभागातल्या माणसांना माहीत नसतं? घरी आल्यावर बाळ अंगावर घेईना. दूध पुन्हा वाढवताना जे हाल झाले, ते टाळता आले असते. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, तुला खूप थकवा आला किंवा बाळाला वेगळं ठेवावं लागलं, तर दर दोन-तीन तासांनी दूध काढ, रात्रीसुद्धा. पंप नसेल तर हातानं. घरातल्या ठणठणीत माणसानं ते वाटी-चमच्यानं पाजावं. माझ्या मते बाटलीची घाई नकोच.

तापाला पॅरासिटामॉल चालतं. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नकोस; काहींत स्यूडोएफेड्रिन असतं, त्यानं दूध कमी होऊ शकतं. प्रत्येक वेळी स्तन धुवायची गरज नाही, उघड्या छातीवर खोकलीस तरच साबण-पाण्यानं धू. बाळाला मास्क अजिबात नको, गुदमरेल.

आणि बाळाचा ताप ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त झाला, ते प्यायला उठेना किंवा श्वास भरभर चालला, तर इथे उत्तराची वाट बघत बसू नकोस. रात्र असली तरी तडक दवाखाना गाठ.