टॉवर स्पीकरसोबत सबवूफर (खालचे सूर, म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर) जोडला, पण सोफ्यावर बेसच येत नाही. सबवूफरमध्ये बिघाड असेल का?

बिघाड वाटत नाही, बदलायची घाई करू नका. 12 बाय 15 फुटांचा हॉल, सोफा बरोबर मधोमध आणि दाराच्या कोपऱ्यात उभं राहिलं की बेस घुमतो, असं तुम्ही लिहिलंय. अर्धं उत्तर त्यातच आहे. 15 फूट म्हणजे साडेचार मीटरच्या थोडं वर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, त्यामुळे या लांबीत 37-38 हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो. भिंतीलगत तो सगळ्यात जोरात, मधोमध जवळजवळ गायब. आरसीसीच्या घरात हे फार जाणवतं. माझं लातूरचं घर तसंच. गावाकडं पत्र्याच्या खोलीत बराचसा बेस बाहेर निघून जातो आणि वर पत्रे खडखडतात ते वेगळंच. म्हणून व्हॉल्यूम वाढवण्याआधी सोफा दीड-दोन फूट मागं सरकवा. पार भिंतीला टेकवू नका, तिथं नुसता घुमारा ऐकू येईल.

आता रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा. टॉवर मोठे आहेत म्हणून तुम्ही मेनूत 'लार्ज' ठेवलंय. ते 'स्मॉल' करा. यात स्पीकरचा अपमान काही नाही! 'लार्ज'वर सगळा बेस टॉवरच वाजवतात आणि सबवूफरला फक्त सिनेमातला बेसचा वेगळा चॅनेल मिळतो, म्हणून गाण्यांच्या वेळी तो गप्प बसतो. दोघांनाही तोच बेस पाठवणारी सेटिंगही असते, पण त्यात काही जागी दोन्ही आवाज एकमेकांना मारतात. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, 80 हर्ट्झ ठेवा. सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्सचीही हीच शिफारस आहे. सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब मात्र सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवून ठेवा, नाहीतर एकावर एक दोन फिल्टर बसतात.

सबवूफरची जागा शोधायला एक जुनी युक्ती आहे. तो उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा, बेसचं एखादं गाणं लावा आणि भिंतीकडेनं रांगत फिरा. घरचे हसतील, हसू द्या. जिथं बेस स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल, तिथं सबवूफर ठेवायचा.

मग फेज, म्हणजे सबवूफर आणि टॉवरच्या आवाजाच्या लाटा एकमेकींशी जुळवणं, जी बरेच जण सोडूनच देतात. रिसीव्हरला फोन जोडून 80 हर्ट्झचा टोन लावा, स्वतः सोफ्यावर बसा आणि कोणाला तरी सबवूफरच्या मागचं फेजचं बटण 0 वरून 180 वर करायला सांगा. ज्या आकड्यावर आवाज मोठा, तो बरोबर. रिसीव्हरच्या ऑटो सेटअपनं सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर ते कमी करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळं होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

सबवूफरची लेव्हल, म्हणजे त्याचा आवाज किती मोठा ते, शेवटी लावा. डोळे मिटल्यावर सबवूफर कुठं ठेवलाय हे बोटानं दाखवता आलं, तर तो जास्त आहे. मिरवणुकीतल्या डीजेची सवय लागलेल्या आपल्या कानांना सुरुवातीला कमीच वाटेल, आठवडाभर नॉबला हात लावू नका.

'हम्म' असा आवाज येतोय म्हणालात, तो बहुधा अर्थिंगचा. टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर एकाच बोर्डावर घ्या. सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याचदा तिथूनच येतो. अर्थिंगची पिन मात्र कोणी काढा म्हटलं तरी काढू नका.