दाब समजायचा तर आधी चिखलात पाय टाक

बाबू, सूत्र पाठ करायची घाई नको करू. पाऊस पडल्यावर काळ्या मातीच्या वावरात एका पायावर उभा राहून बघ, पाय जास्त रुततो. वजन तेच, क्षेत्रफळ अर्धं, म्हणून दाब दुप्पट. बल आणि दाब एकच समजणं ही पहिली चूक.

दुसरी चूक: चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १०० ने भागणं. भागायचं १०,००० ने. इथं लय मार्क जातात.

पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, विहिरीच्या रुंदीवर नाही. १० मीटर खाली गेलं की जवळपास एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्यावर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. वरून पाणी ओढणाऱ्या मोटरीत पाणी हवेच्याच दाबानं वर चढतं, म्हणून साधारण १० मीटरच्या खालचं पाणी तिला येत नाही. ती विहिरीत खाली उतरवावी लागते. बाबांसोबत जाऊन हे नक्की बघ.

पास्कलचा नियम नंतर घेऊ.